गुनपेई योकोई

गुनपेई योकोई (जन्म : क्योतो, जपान, १० सप्टेंबर १९४१, मृत्यू : इशिकावा प्रांत, जपान, ४ ऑक्टोबर १९९७) हे जपानी अभियंते, खेळण्यांचे रचनाकार आणि निन्टेंडो या कंपनीच्या पहिल्या संशोधन व विकास विभागाचे प्रमुख होते. 'गेम अँड वॉच' हे खिशात मावणारे खेळयंत्र, अधिक चिन्हाच्या आकाराची दिशा-कळ आणि 'गेम बॉय' हा हातात धरून खेळायचा कन्सोल ही त्यांची प्रमुख कामे होत. जुने, पक्के झालेले आणि म्हणूनच स्वस्त झालेले तंत्रज्ञान अनपेक्षित ठिकाणी वापरणे, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. त्यांची यंत्रे बाजारातून केव्हाच गेली. मात्र त्यांवरील खेळ आज रास्पबेरी पायसारख्या कमी क्षमतेच्या सिंगल बोर्ड संगणकांवर 'एम्युलेटर' नावाच्या प्रणालींच्या साहाय्याने चालवले जातात. जुन्या खेळांच्या जतनाचा विषय निघाला की त्यामुळे योकोई यांचे नाव अपरिहार्यपणे येते.

जन्म, शिक्षण आणि नोकरीची सुरुवात

योकोई यांचा जन्म क्योतो शहरात झाला. तेथील दोशिशा विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९६५ साली ते निन्टेंडोत रुजू झाले. ही कंपनी फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ मध्ये क्योतोतच स्थापन केली होती. हानाफुदा, म्हणजे फुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते तयार करणे, हा तिचा मूळ व्यवसाय होता. योकोई यांच्याकडे पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल सोपवण्यात आली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात देखभाल विभागाचा माणूस जे काम करतो, त्याच जातीचे हे काम होते. यंत्रे सुरळीत चालत असली की हाताशी मोकळा वेळ उरे. त्या वेळात योकोई स्वतःच्या करमणुकीसाठी लहानसहान वस्तू बनवीत.

अशीच एक वस्तू त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारी ठरली. दुकानाच्या सरकत्या लोखंडी जाळीच्या दारात पट्ट्या जशा एकमेकींना तिरप्या जोडलेल्या असतात, तशी पट्ट्यांची रचना करून त्यांनी लांबवता आणि आखडता येणारा एक हात तयार केला होता. मुठी जवळ आणल्या की तो पुढे झेपावे आणि टोकाचा चिमटा समोरची वस्तू पकडे. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात फेरी मारत असताना त्यांच्या नजरेस तो पडला. कामाच्या वेळेत खेळणे बनवल्याबद्दल समज मिळेल, अशी परिस्थिती होती; प्रत्यक्षात यामाउची यांनी त्याचे विक्रीयोग्य खेळणे करण्यास सांगितले. १९६६ साली 'अल्ट्रा हँड' या नावाने ते बाजारात आले आणि त्याचे दहा लाखांहून अधिक नग विकले गेले. योकोई यांची बदली देखभालीतून खेळणी तयार करण्याच्या कामावर झाली.

खेळण्यांचा काळ

पुढील दहा-बारा वर्षांत योकोई यांनी अनेक खेळणी रचली. घरात खेळता येईल असे चेंडूफेकीचे यंत्र 'अल्ट्रा मशीन', दोन व्यक्तींनी हात धरल्यावर त्यांच्या शरीरांतून जाणाऱ्या अल्पशा विद्युतप्रवाहावर काटा हलवणारे 'लव्ह टेस्टर' (१९६९) आणि १९७० सालची प्रकाश-बंदूक ही त्यांतील ठळक उदाहरणे. प्रकाश-बंदुकीच्या लक्ष्यात सौर घट बसवलेले होते. बंदुकीतून निघालेला प्रकाश घटावर पडला की त्यात वीज निर्माण होऊन लक्ष्य उडे. सौर घट हा वीज मिळवण्याचा घटक. योकोई यांनी तो प्रकाश ओळखणारा घटक म्हणून वापरला. या घटांच्या निमित्ताने शार्प कंपनीतून निन्टेंडोकडे आलेले मासायुकी उएमुरा यांनीच पुढे निन्टेंडोचा फॅमिकॉम हा घरगुती कन्सोल घडवला.

योकोई यांची विचारपद्धती १९७२ सालच्या 'लेफ्टी आरएक्स' या दूरनियंत्रित मोटारीत विशेष स्पष्टपणे दिसते. त्या काळी अशा मोटारी महाग असत, कारण प्रत्येक हालचालीसाठी वेगळ्या संदेशाची सोय करावी लागे. योकोई यांची मोटार सरळ जाई आणि कळ दाबली की डावीकडे वळे. उजवीकडे वळण्याची सोयच तिच्यात नव्हती. वर्तुळाकार मार्गावरील शर्यतीला उजवे वळण लागत नाही. एवढ्या एका निरीक्षणाने मोटारीची किंमत मुलांच्या आवाक्यात आली.

१९७३ साली बोलिंगची ओस पडलेली सभागृहे प्रकाश-बंदुकीच्या नेमबाजीसाठी वापरण्याची योजना निन्टेंडोने हाती घेतली. सुरुवात चांगली झाली. परंतु त्याच वर्षी उद्भवलेल्या तेलसंकटामुळे मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात सापडली. मोठ्या भांडवलाचे खेळ किती धोक्याचे असतात, हा अनुभव निन्टेंडोच्या पदरी त्या वर्षी पडला.

विचारसूत्र

आपल्या कार्यपद्धतीला योकोई यांनी जपानी भाषेत एक नाव दिले होते. त्याचा आशय 'वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार' असा सांगता येईल. 'वाळलेले' या विशेषणात निरुपयोगी हा अर्थ नाही. शेतातले पीक वाळले की ते कापणीयोग्य होते, तसे एखादे तंत्र पुरेसे जुने झाले की त्याचे गुणदोष सर्वांना माहीत होतात, त्याचे उत्पादन विपुल होते आणि किंमत उतरते. 'आडवा विचार' म्हणजे ते तंत्र ज्या कामासाठी जन्माला आले, त्याहून वेगळ्या कामाला लावणे. नव्या तंत्राच्या स्पर्धेत ज्याच्याजवळ अधिक भांडवल असते तो जिंकतो, आणि खेळाची गोडी तंत्राच्या नवेपणावर अवलंबून नसते, अशी त्यांची धारणा होती.

गेम अँड वॉच

शिनकान्सेन या वेगवान रेल्वेतून प्रवास करताना योकोई यांनी एका प्रवाशाला वेळ घालवण्यासाठी कॅल्क्युलेटरच्या कळा दाबत बसलेले पाहिले. प्रौढ माणसालाही प्रवासात कोणाच्या लक्षात न येता खेळता येईल असे लहान यंत्र असावे, ही कल्पना त्यांना तेथे सुचली. काही काळाने अध्यक्षांची मोटार चालवण्याची पाळी त्यांच्यावर आली असता वाटेत त्यांनी ती बोलून दाखवली. त्या दिवशीच्या बैठकीत यामाउची यांच्या शेजारी शार्प कंपनीचे अध्यक्ष होते. कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या कंपन्यांमधील तीव्र स्पर्धेमुळे एलसीडी पडदे आणि लहान चिपा स्वस्त झाल्या होत्या व शार्पला त्यांसाठी नवे गिऱ्हाईक हवे होते. दोन्ही गरजा जुळल्या.

१९८० साली 'बॉल' हा या मालिकेतील पहिला खेळ विक्रीस आला. बटण सेलवर चालणारे हे यंत्र खेळ नसताना घड्याळाचे काम करी, म्हणून त्याचे नाव 'गेम अँड वॉच'. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर आठ हा आकडा सात ठरावीक रेघांनी बनतो, त्याच तत्त्वावर येथे माणसाच्या आणि चेंडूच्या प्रत्येक स्थितीचा आकार पडद्यात आधीच घडवलेला असे; त्यांतील कोणता उमटवायचा एवढेच चिप ठरवी. १९९१ पर्यंत चाललेल्या या मालिकेच्या ४ कोटी ३४ लाख यंत्रांची विक्री झाली.

दिशा-कळ

१९८२ साली 'डाँकी काँग' हा खेळ घडी घालता येणाऱ्या, दोन पडद्यांच्या गेम अँड वॉचवर आणताना एक अडचण उभी राहिली. खेळघरांतील मोठ्या यंत्रांवर दिशा बदलण्यासाठी दांडा असे. खिशातल्या यंत्रावर तो बाहेर आला असता आणि घडी मिटली नसती. चार वेगळी बटणे ठेवावीत, तर खेळणाऱ्याला पडद्यावरची नजर काढून अंगठ्याकडे पाहावे लागे. योकोई यांनी चारही दिशा अधिक चिन्हाच्या आकाराच्या एकाच कळेत सांधल्या. एक बाजू दाबली की विरुद्ध बाजू उचलली जाई, त्यामुळे कोणती दिशा दाबली गेली हे न पाहता केवळ अंगठ्याच्या स्पर्शाने कळे. १९८३ च्या फॅमिकॉमवर ही कळ आली आणि तेथून खेळयंत्रांच्या जगात सर्वत्र पसरली.

मार्गदर्शक व निर्माते

मूळ 'डाँकी काँग' (१९८१) हा शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराने रचलेला खेळ. अमेरिकेत न खपलेल्या 'रडार स्कोप' या खेळाच्या यंत्रांचा उपयोग व्हावा म्हणून तो हाती घेण्यात आला आणि त्यावर देखरेख करण्याचे काम योकोई यांच्याकडे आले. १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स' या खेळातही दोघांनी एकत्र काम केले. पुढे 'मेट्रॉइड' आणि 'किड इकारस' (दोन्ही १९८६) या खेळांचे योकोई निर्माते होते. १९८५ चा 'रॉब' हा खेळण्यातला यंत्रमानवही त्यांच्याच विभागातला. दूरदर्शन संचाच्या पडद्यावरील प्रकाशाची उघडझाप टिपून तो हालचाल करी. प्रकाश-बंदुकीचेच तत्त्व येथे पुन्हा वेगळ्या कामाला लागले होते.

गेम बॉय

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये आणि त्याच वर्षी जुलैअखेर अमेरिकेत 'गेम बॉय' विक्रीस आला. गेम अँड वॉचमध्ये एका यंत्रावर एकच खेळ असे. येथे कार्ट्रिज बदलून कितीही खेळ खेळता येत. योकोई यांच्या विभागातील सातोरू ओकादा यांचा यंत्राच्या तांत्रिक रचनेत मोठा वाटा होता. ओकादा यांना यंत्र अधिक सक्षम हवे होते, तर योकोई यांचा भर साधेपणावर होता. या ओढाताणीतून गेम बॉय घडला.

त्याचा ८ बिटांचा प्रोसेसर सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झ गतीने चाले. कामकाजाची स्मृती ८ किलोबाइट, चित्रांसाठीची स्मृती आणखी ८ किलोबाइट आणि पडदा १६० × १४४ बिंदूंचा होता. पडद्याला अंतर्गत प्रकाश नव्हता आणि रंगांऐवजी हिरवट करड्या छटांच्या चारच पायऱ्या होत्या. रंगांचा अभाव योकोई यांना उणीव वाटत नव्हता. फळ्यावर दोन वर्तुळे काढून तो बर्फाचा माणूस आहे असे सांगितले, की पाहणाऱ्याच्या मनात बर्फाची शुभ्रता आपोआप उमटते, अशा आशयाचे उदाहरण ते देत.

त्याच सुमारास अटारीचा 'लिंक्स' (१९८९) आणि सेगाचा 'गेम गिअर' (१९९०) हे रंगीत, प्रकाशित पडद्यांचे प्रतिस्पर्धी आले. तांत्रिक तुलनेत ते उघडच सरस होते. परंतु त्यांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर पंधरा तास किंवा त्याहून अधिक चाले, किमतीला कमी होता आणि मुलांच्या हातून पडला तरी सहसा टिकून राही. अमेरिका व युरोपात त्याच्यासोबत अलेक्सेई पाजित्नोव यांचा 'टेट्रिस' हा खेळ दिला जाई. त्या खेळाला रंगाची गरजच नव्हती. दोन यंत्रे तारेने जोडण्याची सोय सुरुवातीपासून होती. १९९६ च्या 'पोकेमॉन'ने तिचा पुरेपूर उपयोग केला. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली.

व्हर्च्युअल बॉय

योकोई यांच्या कारकिर्दीतील मोठे अपयश म्हणजे १९९५ चा 'व्हर्च्युअल बॉय'. स्टँडवर ठेवलेल्या या यंत्रात डोळे टेकवून पाहिले की दोन डोळ्यांसाठीच्या दोन स्वतंत्र चित्रांमुळे खोलीचा भास होई. तांबड्या एलईडींची एक उभी ओळ आणि वेगाने हलणारा आरसा यांतून प्रत्येक चित्र तयार होई. तांबडे एलईडी स्वस्त आणि कमी विजेवर चालणारे, म्हणून चित्रे केवळ तांबड्या व काळ्या रंगांत होती. गेम बॉयला यश देणारी काटकसर येथे खेळणाऱ्याच्या डोळ्यांना व मानेला त्रासदायक ठरली. यंत्र हातात धरता येत नसे आणि घरातल्या इतरांना खेळ दिसत नसे. सुमारे ७ लाख ७० हजार यंत्रे विकली गेल्यावर वर्षभराच्या आतच ते मागे घेण्यात आले. त्यासाठी एकूण २२ खेळ प्रसिद्ध झाले होते.

राजीनामा आणि मृत्यू

सेलांची गरज आणि आकार कमी केलेला 'गेम बॉय पॉकेट' १९९६ च्या जुलैत आला आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, योकोई यांनी निन्टेंडो सोडली. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळे त्यांना जावे लागले, असा समज रूढ आहे. योकोई यांनी मात्र तो संबंध नाकारला होता. त्यांनी क्योतोत 'कोतो' ही स्वतःची संस्था काढली आणि बांदाई कंपनीसाठी 'वंडरस्वान' या नव्या यंत्राच्या रचनेत भाग घेतला. ते एकाच पेन्सिल सेलवर चाले आणि आडवे किंवा उभे धरून खेळता येई.

४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील होकुरिकू द्रुतगती मार्गावर योकोई प्रवास करत असलेल्या मोटारीला किरकोळ अपघात झाला. मोटारीचे काय नुकसान झाले ते पाहण्यासाठी ते खाली उतरले असता दुसऱ्या वाहनाची धडक बसून त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५६ वर्षे होते. वंडरस्वान त्यांच्या पश्चात मार्च १९९९ मध्ये बाजारात आला. त्यावरील एका कोडेखेळाला 'गनपे' हे त्यांच्याच नावावरून घेतलेले नाव देण्यात आले.

एम्युलेशन आणि सिंगल बोर्ड संगणक

एका संगणकाने दुसऱ्या यंत्राची सोंग घेतल्याप्रमाणे हुबेहूब नक्कल करणे म्हणजे एम्युलेशन. गेम बॉयचा एम्युलेटर खेळाच्या साठ्यातील एकेक आज्ञा वाचतो, मूळ प्रोसेसरने तिचे जे केले असते तेच करतो आणि चित्र, ध्वनी व कळा यांचा मेळ मूळ वेळापत्रकानुसार राखतो. पडद्यावरचे एक चित्र पूर्ण होण्यास गेम बॉयला घड्याळाचे ७०,२२४ ठोके लागत. म्हणजे सेकंदाला साठाच्या किंचित खाली चित्रे. ही लय चुकली की संगीत बेसूर होते आणि खेळ अडखळतो.

फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आलेल्या ३५ डॉलर किमतीच्या रास्पबेरी पायच्या प्रोसेसरची गती ७०० मेगाहर्ट्झ होती. आधुनिक संगणकांपुढे ती तुटपुंजी असली, तरी गेम बॉयच्या सुमारे १६७ पट आहे. मूळ आज्ञा एक असली तरी तिची नक्कल करण्यास यजमान संगणकाला अनेक आज्ञा खर्ची घालाव्या लागतात. तरीही एवढ्या फरकात हे काम सहज होते. रेट्रोपायसारख्या मुक्त प्रकल्पांनी वेगवेगळ्या कन्सोलांचे एम्युलेटर एकत्र बांधून दिल्यामुळे दूरदर्शन संचाला जोडलेले असे छोटे पान जुन्या खेळांचे संग्रहालय बनू शकते. विशेष म्हणजे रास्पबेरी पायची घडणही योकोई यांच्या सूत्राला धरून आहे : तिच्यात वापरलेली प्रोसेसरची एआरएम ११ ही रचना तेव्हा दहा वर्षांची जुनी होती, आणि चित्र-ध्वनी उपकरणांसाठी बनलेली चिप तेथे शिक्षणाच्या कामाला लावली गेली.

योकोई यांची सर्व यंत्रे सारख्याच सुलभतेने जतन होत नाहीत. गेम अँड वॉचमधील ४ बिटांची चिप डिजिटल घड्याळाप्रमाणे केवळ ३२,७६८ हर्ट्झ गतीने चालते, त्यामुळे तिचे गणित सोपे आहे. परंतु तिच्यात चित्रे साठवलेली नसतात, ती काचेत घडवलेली असतात. म्हणून 'मेम' या एम्युलेशन प्रकल्पातील स्वयंसेवकांना चिप उघडून तिच्यातील आज्ञा वाचाव्या लागल्या आणि पडद्यावरील प्रत्येक आकृती स्वतंत्रपणे रेखून घ्यावी लागली. व्हर्च्युअल बॉयची दोन चित्रे सपाट पडद्यावर तांबड्या-निळ्या चष्म्यातून पाहता येतात, पण डोळे टेकवण्याचा तो अनुभव येत नाही. लव्ह टेस्टर किंवा अल्ट्रा हँड यांची तर प्रणालीद्वारे नक्कलच होऊ शकत नाही.

जतनाची निकड खरी आहे. जुन्या एलसीडीवरील पटल काळवंडते, सेल गळून तांब्याच्या वाटा गंजतात, आणि ज्या कार्ट्रिजांत खेळाची प्रगती लहान सेलच्या आधाराने साठवली जाई, त्यांतील ती नोंद सेल संपताच पुसली जाते. दुसरीकडे खेळांवरील स्वामित्व हक्क अजून संपलेले नाहीत. एम्युलेटर तयार करणे आणि दुसऱ्याच्या खेळाची प्रत वाटणे या कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न गोष्टी आहेत. भारताच्या १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यातील कलम ५२ अन्वये, कायदेशीररीत्या प्रत बाळगणाऱ्यास हानीपासून संरक्षण म्हणून संगणक प्रणालीची राखीव प्रत करण्याची मुभा आहे. ती वाटण्याची नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

गेम बॉय महाराष्ट्रात फारसा पोहोचला नाही. १९९० च्या दशकात येथील मुलांच्या हाती आल्या त्या फॅमिकॉमच्या स्वस्त नकला आणि सेलवर चालणारे 'ब्रिक गेम'. नकली कन्सोलच्या कार्ट्रिजला मुले 'कॅसेट' म्हणत. मुंबईच्या बाजारातून ही यंत्रे उपनगरांत आणि पालघर-बोईसरसारख्या रेल्वेमार्गावरील गावांत येत. योकोई हे नाव त्या घरांत कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मात्र नकली कन्सोलच्या कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली असणारी अधिक चिन्हाची कळ त्यांचीच होती, आणि एलसीडीवर ठरावीक चौकोन उमटवून टेट्रिस खेळवणारा ब्रिक गेम हा गेम अँड वॉचचाच दूरचा वंशज होता.

सन्मान आणि मूल्यमापन

इंटरनॅशनल गेम डेव्हलपर्स असोसिएशन या संघटनेने २००३ साली योकोई यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला. घडी घालता येणारा दोन पडद्यांचा गेम अँड वॉच आणि निन्टेंडोचा २००४ सालचा 'डीएस' यांच्या रचनेतील साम्य अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. त्यांचे विचारसूत्र प्रत्येक वेळी यश देईल असे नाही, हे व्हर्च्युअल बॉयने सिद्ध केले : साधन स्वस्त आणि पक्के असणे पुरेसे नसते, ते माणसाच्या हाताला व डोळ्याला मानवावे लागते. लेफ्टी आरएक्स आणि गेम बॉय यांत काय वगळले, याची उणीव खेळणाऱ्याला जाणवली नाही. व्हर्च्युअल बॉयमध्ये ती पहिल्या काही मिनिटांतच जाणवली. आज थोड्या पैशांत मिळणाऱ्या संगणकावर गेम बॉयचा एम्युलेटर लिहिणे हा प्रोसेसरचे कार्य शिकण्याचा एक रूढ अभ्यास झाला आहे. यंत्र लहान असल्यामुळे एकटा विद्यार्थी ते पूर्णपणे समजून घेऊ शकतो.